लीटर-मिलिलीटर: आधी ओतू द्या, मग शून्ये लावू द्या

‘1 लीटर म्हणजे 1000 मिलिलीटर’ हे चौथीचे पोर घडाघडा म्हणते. त्यालाच 3 लीटर 50 मिलिलीटरचे मिलिलीटर करायला सांगा. पुष्कळदा उत्तर 350 येते, नाहीतर 3500. पाठांतर पक्के असते, पण 1000 मिलिलीटर म्हणजे किती पाणी, ते हाताला माहीत नसते. म्हणून फळ्यावर गुणाकार मांडण्याआधी निदान दोन तासिका पाण्याला द्या.

साहित्य गावातच मिळते. औषधाच्या दुकानातून 10 मिलिलीटरच्या कोऱ्या सिरिंज आणा आणि सुया तिथेच परत द्या. खोकल्याच्या औषधाचे रेघांचे झाकण, दुधाचे अर्धा आणि पाव लीटरचे माप, 1 लीटरची सरळ अंगाची पारदर्शक बाटली एवढे जमवा. घरून गडवा, गंज, गुंड अशी भांडी मागवा. फवारणीच्या औषधाची बाटली, तिचे झाकण किंवा माप मात्र वर्गात अजिबात नको, कितीही धुतलेले असले तरी. कपाशीच्या हंगामात ते घरोघरी हाताशी असते, त्यामुळे साहित्य सांगतानाच हे बजावा.

पहिले काम बाटलीला खुणा करण्याचे. बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा, नाहीतर कागद भिजतो. सिरिंजने दहा वेळा पाणी टाकले की 100 मिलिलीटर झाले. तिथे रेघ मारा. असे 1000 पर्यंत जा. पट्टीने मोजून सारख्या अंतरावर रेघा ओढण्याचा मोह टाळा. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो आणि मान निमुळती, म्हणून तिथल्या रेघा मधल्यांसारख्या पडत नाहीत. मुलांनी ‘असं का?’ विचारले तर तासिका सार्थकी लागली. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात येईल: 1000 ची रेघ बाटलीच्या तोंडापर्यंत पोचत नाही. विकताना बाटली काठोकाठ भरलेली नसते, म्हणून ‘काठोकाठ बाटली म्हणजे 1 लीटर’ धरून मोजले की हिशेब चुकतो.

वाचताना बाटली सपाट फरशीवर ठेवायची. पातळ बाटली हातात धरली की दबते आणि पाणी वर चढते. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. उभ्याने वरून पाहिले तर आकडा चुकतो. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर टोक वर करून टिचकी मारा आणि हवा काढा. आकडा वाचायचा तो रबराची पाण्याकडची कड जिथे नळीला टेकते तिथे.

वर्गात 25 मुले असतील तर प्रत्येकाने चार सिरिंज पाणी टाकायचे, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचे. शंभर सिरिंज झाल्यावर लीटर भरतो. कंटाळवाणे वाटेल, पण ‘मिलिलीटर इतका लहान असतो’ हे इथेच पटते. खाली परात ठेवा, तेच पाणी पुन्हा वापरा आणि शेवटी झाडांना घाला.

नंतर गडवा आणि गंज. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग मोजायचे. उंच भांड्यात जास्त मावते असेच बहुतेकांना वाटते. पसरट गंजातले पाणी बाटलीत ओतून दाखवा, बोलू नका.

आता आकडे. सुरुवात मुलांना घरून येणाऱ्या शब्दांनी करा: पाव लीटर 250, पाऊण 750, सव्वा 1250, दीड 1500, अडीच 2500. मग फळ्यावर चार घरे आखा. डावीकडे लीटरचे एक, उजवीकडे मिलिलीटरची तीन. 3 लीटर 50 मिलिलीटर लिहिताना शेकड्याचे घर रिकामे राहते, तिथे शून्य: 3050. 3 लीटर 5 मिलिलीटर म्हणजे 3005. उलट 2075 मिलिलीटरमधले शेवटचे तीन अंक झाकले की 2 लीटर उरतात, झाकलेले 75 मिलिलीटर. गुणायचे की भागायचे हे पाठ करून घेऊ नका. ‘माप लहान घेतलं तर ओतायची वेळ जास्त की कमी?’ एवढेच विचारा.

100 ने गुणणारी मुले रुपये-पैसे आणि मीटर-सेंटिमीटरच्या सवयीने तसे करतात. त्यांना बाटलीकडे परत पाठवा. 5 लीटर 200 मधून 2 लीटर 650 वजा करताना हातचा घेतात 10 किंवा 100. घ्यायचा आहे 1000, म्हणजे 4 लीटर 1200. उत्तर 2 लीटर 550. पाचवीत 1.5 लीटरला ‘1 लीटर 5 मिलिलीटर’ म्हणणारे भेटतात. ‘दीड’ म्हणायला लावा, चूक त्यांची त्यांनाच कळते.

लीटर आणि किलोची गल्लत वेगळी हाताळा. खाद्यतेलाची 1 लीटरची पिशवी आणून वजन वाचायला सांगा. साधारण 910 ग्रॅम छापलेले असते. पायली-कुडो या धान्याच्या जुन्या मापांचे रूपांतर मात्र इथे आणू नका, ती मापे गावागणिक बदलतात.

पाचवीला शेतातले गणित द्या. 5 टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो कुटलेल्या निंबोळीचा 10 लीटर अर्क पाणी घालून 100 लीटर करतात. 15 लीटरच्या फवारणी पंपात मूळ अर्क किती? दीड लीटर, म्हणजे 1500 मिलिलीटर.

किलोलीटरला गावाची नळयोजना घ्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज 55 लीटर पाणी धरले आहे. 1200 वस्तीला 66,000 लीटर, म्हणजे 66 किलोलीटर. 50,000 लीटरची टाकी दिवसातून एकदाच भरली, तर किती किलोलीटर कमी पडेल?