महिना म्हणजे तीस दिवस नव्हे: इंदूरच्या न्यायालयात तारखा मोजताना

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात उमेदवारी सुरू करून मला आठ महिने झाले होते, तेव्हा न वटलेल्या धनादेशाच्या एका प्रकरणाची मुदत काढण्याचे काम माझ्याकडे आले. आमची नोटीस समोरच्या पक्षाला 14 जानेवारी 2025 रोजी मिळाली होती. मिळाल्याचा दिवस वगळून पैसे चुकते करण्याचे त्याचे पंधरा दिवस 29 तारखेला संपले आणि 30 जानेवारीला तक्रारीचे कारण उद्भवले, म्हणजे आम्हाला तक्रार करण्याचा हक्क मिळाला. इथपर्यंत माझे गणित बरोबर होते. पुढे तक्रारीसाठी जो एक महिना मिळतो, तो मी तीस दिवसांचा धरला, 31 जानेवारीपासून बोटाच्या पेरांवर मोजत गेलो आणि नोंदवहीत शेवटची तारीख 1 मार्च लिहिली.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमचे कारकून मुंशीजी यांनी ती नोंद पाहिली. ‘‘वकीलसाहेब, कायद्यात महिना लिहिलाय, तुम्ही तीस दिवस कुठून आणलेत?’’ एवढेच विचारून त्यांनी लाल शाईने 1 मार्च खोडला आणि शेजारी 28 फेब्रुवारी लिहिले. तक्रार शुक्रवारी दाखल झाली. उशीर झाला असता तर विलंबमाफीचा अर्ज आणि त्याला सबळ कारण द्यावे लागले असते, आणि ‘उमेदवाराने पेरे मोजली’ हे कारण मला तरी सबळ वाटत नाही.

1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना. म्हणून 15 ऑक्टोबरपासूनचा एक महिना 15 नोव्हेंबरला संपतो, मग मधल्या महिन्याचे दिवस तीस असोत वा एकतीस; आणि पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी संपतो. त्याच प्रकरणातील नोटीस बजावण्याची मुदत मात्र दिवसांत दिलेली आहे, म्हणजे बँकेकडून माहिती मिळाल्यापासून तीस दिवस. एकाच प्रकरणात दिवस आणि महिना दोन्ही मापे येतात, म्हणून नवख्याने आकड्याआधी त्यापुढचा शब्द वाचावा.

दुसरी चूक रविवारची. मुदतीच्या मध्ये येणारे रविवार आणि सुट्या वगळायच्या असतात, असे अनेकांना वाटते. त्या मोजायच्याच असतात. न्यायालय शेवटच्या दिवशी बंद असेल, तरच ते उघडेल त्या दिवशी दाखल करण्याची सवलत मिळते. अपिलात निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ 1963 च्या लिमिटेशन अॅक्टप्रमाणे, म्हणजे मुदतीच्या कायद्याप्रमाणे, वगळला जातो, त्यामुळे नकलेच्या पाठीवरच्या तारखा पाहिल्याशिवाय मी आता पेन्सिलही उचलत नाही.

संगणकावर मोजायचे झाल्यास एक्सेलमध्ये तारखेत 30 मिळवले की तीस दिवस पुढची तारीख येते. महिना हवा असेल तर ईडेट हे सूत्र वापरावे, जे 30 जानेवारी 2025 वरून 28 फेब्रुवारी देते. जुन्या तारखांसाठी मात्र त्यावर विसंबू नये, कारण एक्सेल 1900 हे लीप वर्ष मानते. शतकी वर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप असते, म्हणून 2000 लीप होते आणि 1900 नव्हते.

मागच्या तारखांचा खरा घोळ जुन्या खरेदीखतांत दिसतो. आमच्या घरी श्रावण लागतो, त्याच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या हिंदीभाषक घरात सावन लागलेला असतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचे महिन्याचे नाव एकच असते. कृष्ण पक्षात मात्र आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदाची असते. हिंदी खतातील ‘भादो बदी 8’ मराठी पद्धतीने वाचली, तर तारीख एक चांद्रमास पुढे सरकते. विक्रम संवतातून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 57 आणि त्यापुढे नव्या चैत्रापर्यंत 56 वजा करावे, हा इंदूरचा हिशेब. बडोद्याकडील कागदात संवत कार्तिकात बदलत असल्याने चैत्र ते आश्विन या महिन्यांत आकडा एकाने कमी असतो. खतात वार लिहिलेला असेल तर काढलेल्या इंग्रजी तारखेचा वार त्याच्याशी ताडून पाहावा, आणि तो जुळला नाही तर सर्वांत आधी पक्ष शुक्ल की कृष्ण, हे तपासावे.