पाळी जाण्याआधीचा काळ कसा ओळखावा

कालनिर्णयावर पाळीच्या पहिल्या दिवसाची खूण करून ठेवावी. एरवी नियमित असलेल्या पाळीत लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत 7 किंवा त्याहून अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, तर हा काळ सुरू झाला असे समजावे. सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे म्हणतात. तोवर गर्भ राहू शकतो, म्हणून पाळी चुकल्यास आधी गर्भचाचणी करावी.

खरी अडचण अंगाच्या लाहीची आहे. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, त्यामुळे कोणतीही बाई घामाघूम झाली की ‘ऊन बाधले’ हेच उत्तर तयार असते. मीही ते मानले आणि दोन उन्हाळे कैरीचे पन्हे पीत राहिले. पुढे जानेवारीच्या रात्री, घरातले सगळे गोधडीत गुरफटलेले असताना, माझे पोलके घामाने भिजले, तेव्हा उन्हाचा यात काही संबंध नाही हे मला कळले. उन्हाचा त्रास सावलीत, पाणी प्यायल्यावर हळूहळू उतरतो. ही वाफ मात्र अचानक छातीतून मान व चेहऱ्याकडे चढते, बहुधा काही मिनिटांत ओसरते आणि मागोमाग अनेकदा थंडी वाजते. कारण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या चढउतारामुळे मेंदूतील तापमान राखणारे केंद्र किंचित बदलानेही बिथरते. म्हणून प्रत्येक वाफेची वेळ लिहावी आणि निदान हिवाळ्यातील नोंदी उन्हाळ्यातील नोंदींशी ताडून पाहाव्यात. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला किंवा वजनात घट असेल, तर ती वाफ समजून अंगावर काढू नये. क्षयरोगाची तपासणी करावी.

झोपमोड, चिडचिड, धडधड, सांधेदुखी, योनीचा कोरडेपणा, विसराळूपणा यांचीही नोंद करावी.

पंचेचाळिशीनंतर केवळ एफएसएच या बीजांडांना चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या एका चाचणीवर पैसे घालवू नयेत, कारण ते प्रमाण या काळात सतत बदलते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर तपासावे, कारण त्यांच्या तक्रारी अगदी अशाच दिसतात. चाळिशीच्या आत ही लक्षणे दिसली, तर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

‘या वयात अंगावरून जास्त जायचेच’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तासाभरात पॅड भिजणे, 7 दिवसांहून अधिक रक्तस्राव, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणी हवीच. आणि तेथे कोणी लगेच पिशवी काढायला सांगितले, तर सोनोग्राफीचा अहवाल हातात घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवावा.