स्विचच्या पोर्टचा ट्रॅफिक एसएनएमपीने मोजताना

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणि नेट-एसएनएमपी ही एसएनएमपीची साधनं टाकलेला एक लिनक्स सर्व्हर, एवढ्यावर काम सुरू होतं. स्विचमधला एजंट, म्हणजे उत्तरं देणारा प्रोग्राम, यूडीपी पोर्ट १६१ वर विचारणा ऐकतो. काही बिघडलं की तो स्वतःहून ट्रॅप (सूचनेचा संदेश) पाठवतो, तो सर्व्हरच्या यूडीपी १६२ वर येतो. फायरवॉलमध्ये दोन्ही वाटा मोकळ्या करा.

एसएनएमपीची आवृत्ती तिसरीच घ्या. यूजर बनवताना पातळी ऑथप्रिव्ह (पडताळणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही), पडताळणीला एसएचए, एन्क्रिप्शनला एईएस. दोन्ही पासवर्ड वेगळे आणि किमान आठ अक्षरी. व्ही२सी या दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द, उघडी जाते, वाटेत पॅकेट पकडणाऱ्याला ती सरळ वाचता येते. जुन्या स्विचमुळे व्ही२सी वापरावंच लागलं, तर 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' या सर्वांना ठाऊक असलेल्या कम्युनिटी काढून टाका, परवानगी फक्त वाचनाची द्या आणि एसीएलमध्ये (कोणाला प्रवेश द्यायचा त्या यादीत) सर्व्हरचा एकच आयपी ठेवा.

एजंटकडच्या प्रत्येक माहितीला टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा एक ओळखक्रमांक असतो, त्याला ओआयडी म्हणतात. आता सर्व्हरवरून एसएनएमपीगेट या कमांडने १.३.६.१.२.१.१.१.० मागा. स्विचचं मॉडेल आणि फर्मवेअर सांगणारी ओळ आली, की जोडणी झाली. 'टाइमआउट' आला तर केबल तपासत बसू नका. व्ही२सीमध्ये कम्युनिटीचं एक अक्षर चुकलं तरी एजंट गप्प राहतो. एसीएल किंवा फायरवॉलने अडवलं तरी लक्षण तेच. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर विचारणा भलत्याच आयपीवरून जात असू शकते, हे हमखास नजरेतून सुटतं. टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पाहा.

खरी गफलत काउंटरमध्ये होते. १.३.६.१.२.१.२.२.१.१० हा पोर्टवर आलेल्या बाइटचा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ झाले की तो पुन्हा शून्यावर येतो, आणि भरलेल्या गिगाबिट पोर्टवर तेवढे बाइट साधारण ३४ सेकंदांत होतात. समजा पाच मिनिटांत ४५० कोटी बाइट आले. त्याला ८ ने गुणून ३०० ने भागलं की १२० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात. जुना काउंटर मधे एकदा फिरलेला असतो, म्हणून आलेखात जेमतेम साडेपाच दिसतात! खरा ट्रॅफिक त्याच्या कितीतरी पट असतो आणि आपण आलेख पाहून निश्चिंत असतो.

म्हणून ६४ बिटांचेच काउंटर वाचा: आत येणाऱ्यासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, बाहेर जाणाऱ्यासाठी शेवटचा आकडा १०. पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे हे मिळत नाहीत.

पोर्टच्या ओआयडीच्या शेवटी त्या पोर्टचा इंडेक्स, म्हणजे स्विचने दिलेला क्रमांक, लागतो. काही स्विचवर रीस्टार्टनंतर तो बदलतो आणि अपलिंकच्या (पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टच्या) आलेखात दुसऱ्याच पोर्टचा ट्रॅफिक उमटू लागतो. आलेख इंडेक्सशी न बांधता पोर्टच्या नावाशी, म्हणजे १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१ शी बांधा.

प्रत्येक वाचनासोबत अपटाइमही (एजंट सुरू होऊन किती वेळ झाला तो आकडा) घ्या, १.३.६.१.२.१.१.३.०. तो आधीपेक्षा कमी आला तर एजंट नव्याने सुरू झालाय असं धरून ते वाचन टाकून द्या. एक अपवाद ध्यानात ठेवा: हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि तोही ३२ बिटांचाच, त्यामुळे बंद न पडलेल्या स्विचवरही ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो.