कात्री होळीच्या आत: वसंतातल्या बागकामात या चुका टाळा

पिंपळाला तांबूस पालवी फुटली की बाग आवरायची घाई होते. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर थंड देशांतले व्हिडिओ दिसू लागतात: वसंत आला, छाटणी करा, कुंड्या बदला, लॉन खरवडा. तिथे वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो. आपल्याकडे पुणे, सातारा, नाशिकच्या पठारावर मात्र पाठोपाठ चाळिशीचं ऊन येतं. म्हणून माझा साधा नियम आहे: कात्री आणि कुंडीबदल होळीच्या आत, होळीनंतर फक्त पाणी, सावली आणि आच्छादन. हा क्रम उलटा झाला की चांगली पोसलेली झाडंही मे महिन्यात हातची जातात.

मोगऱ्याचंच घ्या. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे त्याची छाटणी जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला उरकायला हवी. मार्चअखेर कात्री चालवली तर ऐन हंगामातला पहिला बहरच कापला जातो. वेळ निघून गेली असेल तर वाळक्या काड्या तेवढ्या काढा आणि कुजलेलं शेणखत मूठभर द्या. कच्चं शेण नको. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. आता सुकलेली फुलं देठासकट काढली तरी पुरे. बोगनवेल फुलांवर असते, तिला हात लावू नका आणि पाण्याचे लाडही करू नका, नाहीतर नुसती पानं वाढतात. चाफ्याची फांदी लावायला मात्र हेच दिवस उत्तम. ती कापल्या कापल्या मातीत खोचली की कुजते. चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत पडू द्या, मग लावा.

कुंडी बदलताना मुळांचा गोळा फोडून, माती झटकून झाड थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवलं जातं. तुटलेली मुळं पुरेसं पाणी ओढू शकत नाहीत, पानांतून मात्र ते उडतच राहतं. अगदी बदलायचीच असेल तर संध्याकाळी, गोळा न मोडता, थोड्याच मोठ्या कुंडीत हलवा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. शक्य असेल तर सरळ पावसापर्यंत थांबा.

पाणी देऊनही झाड का सुकतं?

दुपारी जास्वंदाची पानं मलूल झाली की लगेच पाइप सुरू करू नका. सूर्य कलल्यावर पुन्हा बघा. पानं सावरली असतील तर ती फक्त उन्हाची झळ होती. सकाळीही मलूलच असतील तर मातीत दोन इंच बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी हवं आहे. चिकट ओली असेल तर मुळं गुदमरली आहेत. पाणी थांबवा आणि कुंडीचं बुडाचं भोक मोकळं करा.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, जास्त असलेल्या कुंडीत वेगळीच फसगत होते. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, कुंडीच्या कडेपासून सुटतं. वरून तांब्याभर ओता, तेवढंच पाणी लगेच खालच्या ताटलीत येतं. आपल्याला वाटतं पोटभर पाणी मिळालं, आणि आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खपली धरली असेल, पानांची टोकं करपत असतील, तर ती खपली खरवडून काढा आणि गोडं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन जाऊ द्या. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, ते झाडाला घालू नका.

लॉन

लॉनवर अनेकदा हरळी असते, म्हणजे आपल्या दूर्वाच. तिला ऊन आवडतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर मुळापाशी खरवडलेली हरळी करपते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आता दीड-दोन इंच राहू द्या. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच राहतात, त्यापेक्षा दिवसाआड पहाटे खोलवर भिजवा. युरिया टाकायचा तर चौरस मीटरला १० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि टाकल्यावर लगेच पाणी. लव्हाळा हे तण वरवर उपटणं फुकट जातं. गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात. ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढा. झाडाच्या दाट सावलीत दरवर्षी हरळीचे नवे गालिचे अंथरणंही सोडून द्या, तिथे ती तग धरत नाही.

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मुंग्यांकडेही लक्ष द्या, त्या या किडीला राखतात.

अंगणात आंबा असेल तर मोहोर फुललेला असताना कीटकनाशक मारू नका; माश्या आणि मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? मोहोरात पाणीही नको. वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसल्या की सुरू करा, तेही खोडाशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली आळं करून.