ओव्हनशिवाय मुलांसोबत खाऊ करताय? या चुका टाळा

सुट्टी लागली की मुलांना स्वयंपाकघरात लुडबुड करायची असते. ओव्हन नको आणि गॅसपाशी फार वेळ नको, म्हणून आपण बिस्किटांचे गोळे, चॉकलेटच्या पातळ वड्या, खजुराचे बार, थरांचं पुडिंग असे पदार्थ निवडतो. कृती असते चार ओळींची. तरी ऐन वेळी चॉकलेटचा चिखल होतो, बार कापताना भुगा पडतो, जेली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही हलत राहते आणि समोर उभं असलेलं पोर हिरमुसतं.

असं होण्यामागचं कारण समजून घेतलं तर बऱ्याच चुका आधीच टळतात. ओव्हनमध्ये पदार्थ बांधून घ्यायचं काम उष्णता करते: पीठ शिजतं, अंडं घट्ट होतं. इथे उष्णता नसते, त्यामुळे ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. चॉकलेट-लोण्यातली चरबी थंड होऊन गोठते, बिस्किटांचा चुरा ओलावा पितो, जिलेटिन किंवा अगर-अगर (चायना ग्रास) द्रव धरून ठेवतं, नाहीतर खजूर-मधाची चिकट साखर सगळं एकत्र ठेवते. आज आपण करतोय त्या पदार्थात या चौघांपैकी कोण राबतंय, एवढं ओळखा. बिघडलं तर नेमकं कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

चॉकलेटला पाणी लागू देऊ नका

सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. छान वितळलेलं, चकचकीत चॉकलेट अचानक निस्तेज आणि रवाळ होतं, चमच्याला गोळा चिकटतो. चॉकलेटमध्ये साखरेचे अतिशय बारीक कण चरबीत तरंगत असतात. त्यात थेंबभर पाणी पडलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. हे पाणी येतं कुठून? मूल हात धुऊन येतं आणि तसाच ओला हात वाडग्यात घालतं. स्ट्रॉबेरी धुऊन नीट पुसलेल्या नसतात. खालच्या पातेल्यातली वाफ वर येते. वितळताना आपण वर झाकण ठेवतो आणि झाकणाला जमलेले थेंब आत पडतात. म्हणून वाडगा, चमचा, फळं आणि हात, चारही कोरडे हवेत. मुलांना एक स्वच्छ कोरडं फडकं देऊन 'पुसायचं काम तुझं' असं सांगितलं तर ती ते मनापासून करतात.

गोळा झालाच तर चॉकलेट फेकू नका. ते आता बुडवून काढायच्या किंवा वड्यांच्या कामाचं राहिलं नाही, पण थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट जास्त द्रवाने सुधारतं. दर 60 ग्रॅमला मोठा चमचाभर या हिशेबाने गरम दूध किंवा क्रीम घाला आणि फेटत राहा. मऊ सॉस तयार होतो. तो बिस्किटांच्या चुऱ्यात मिसळा किंवा पुडिंगच्या थरावर ओता.

दुसरी चूक आचेची. चॉकलेट वितळायला फार उष्णता लागतच नाही, डार्क चॉकलेटला 45 ते 50 अंश सेल्सिअस पुरतात. दुधाचं आणि पांढरं चॉकलेट त्याहून नाजूक असतं, ते 45 च्या आतच ठेवा. उकळत्या पाण्यावर वाडगा ठेवून निघून गेलात तर ते करपून दाटच होत जातं, आणि करपलेल्या चॉकलेटला उपाय नाही. पाणी उकळू लागलं की गॅस बंद करा, मग वाडगा वर ठेवा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर 20-30 सेकंदांचे टप्पे घ्या आणि दर टप्प्याला ढवळा. तुकडे आकार टिकवून बसलेले दिसतात, पण आतून वितळलेले असतात. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबलात तर उरलेलं ढवळूनच विरघळतं.

दाट वाटतंय म्हणून दूध किंवा लोणी घालू नका. साध्या लोण्यातही पाण्याचा अंश बराच असतो. बिनवासाचं तेल चमचाभर घातलं तर चॉकलेट सैल होतं. रंगांचंही तेच: पाण्यात मिसळलेला खायचा रंग पांढऱ्या चॉकलेटमध्ये टाकला की ते लगेच आवळतं. तिथे तेलातला किंवा भुकटीचा रंग हवा.

वड्यांवर दुसऱ्या दिवशी पांढुरके पट्टे दिसले तर घाबरू नका, ती बुरशी नाही. कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, नीट न बसल्यामुळे वर आलेलं असतं. खायला काही हरकत नाही. टाळायचं असेल तर एक तृतीयांश चॉकलेट बाजूला ठेवा, उरलेलं वितळवा, गॅसवरून उतरवून त्यात बाजूचे तुकडे थोडे थोडे घालत ढवळा. डार्क चॉकलेट साधारण 31-32 अंशांवर आलं की वापरा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत एवढी कसरत करायची गरज मला वाटत नाही. वनस्पती चरबीचं कंपाउंड चॉकलेट या त्रासाशिवाय कडक आणि चकचकीत बसतं. चव थोडी कमी, पण मुलांना स्वतःच्या हातची वडी चकाकलेली दिसणं जास्त मोलाचं.

गोळे वळताना घाई नडते

बिस्किटांचा चुरा आणि कंडेन्स्ड मिल्क कालवलं की सुरुवातीला मिश्रण हाताला चिकटतंच. आपण लगेच आणखी चुरा घालतो आणि तासाभराने गोळे दगडासारखे होतात. चुऱ्याला ओलावा प्यायला वेळ लागतो. कालवून झाकून 15-20 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच ठरवा. प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर 250 ग्रॅम साधी गोड बिस्किटं, कंडेन्स्ड मिल्कचा एक 400 ग्रॅमच्या आसपासचा डबा, कपभर सुकं खोबरं आणि पाव कप कोको. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू नका. थोडं मागे ठेवा, लागेल तसं घाला.

मिश्रण भुरभुरीत राहिलं, मुठीत दाबूनही फुटत असेल तर दूध एकेक छोटा चमचा घाला. सैल झालं असेल तर साखर घालू नका, साखर विरघळून ते आणखी सैल करते. चुरा किंवा सुकं खोबरं घाला.

चुरा सारखा बारीक हवा. मुलं जाड पिशवीत बिस्किटं घालून लाटण्याने कुटतात तेव्हा मध्ये मोठे तुकडे राहतात आणि नेमका त्याच जागी गोळा तडकतो. कुटून झाल्यावर चाळणीतून काढायला लावा आणि वर राहिलेलं पुन्हा पिशवीत टाका. चाळणीवर उरलेले खडे बोटांनी शोधण्यात मुलं रमतात, कुटण्याइतकीच. पिशवीतली हवा मात्र आधी काढा, नाहीतर पहिल्याच फटक्याला ती फुटते आणि चुरा सगळ्या ओट्यावर.

मुलांचे तळवे गरम असतात. चॉकलेट-क्रीमच्या गोळ्यांना तर ते चालतच नाही. दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम हे प्रमाण वळण्याजोगं घट्ट बसतं, निम्मं-निम्मं घेतलं तर ते फासायच्या कामाचं होतं. दुधाच्या आणि पांढऱ्या चॉकलेटला क्रीम आणखी कमी लागतं. निम्मं मिश्रण फ्रीजमध्ये, निम्मं बाहेर असं आलटून पालटून घ्या. हाताला तेलाचं बोट लावलं की चिकटणं थांबतं.

खजुराचे आणि चुऱ्याचे बार

खजूर कोरडा असेल तर बार बांधला जात नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि पाणी घट्ट पिळून काढा, पाणी राहिलं तर बार लिबलिबीत होतो. काजू-बदाम मिक्सरमध्ये सलग फिरवले तर तेल सुटतं, म्हणून थांबत थांबत फिरवा.

बिस्किट आणि लोण्याच्या तळाचा साधा हिशेब 2 भाग चुरा, 1 भाग वितळलेलं लोणी. कमी लोणी घेतलं तर कापताना ढासळतो, जास्त घेतलं तर फ्रीजमधून काढल्यावर सुरीला दाद देत नाही. सपाट बुडाच्या पेल्याने दाबा, कडेलाही दाबा, निदान अर्धा तास थंड करा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. भांड्यात आधी बटर पेपर घालून त्याची टोकं बाहेर ठेवली असतील तर सगळी लादी एकदम उचलता येते. हा कागद विसरला की पुढचं सगळं अवघड होतं.

मार्शमॅलोचे कुरकुरीत बार कडक होत असतील तर आच जास्त होती किंवा मुलांनी जोर लावून दाबलं. मंद आचेवर वितळू द्या, आणि भांड्यात हलक्या हाताने पसरा.

क्रीम आणि जेली

थरांच्या पुडिंगमध्ये दोनच गोष्टी सांभाळा. बिस्किट दुधात बुडवून लगेच काढा, तिथे एक-दोन सेकंदही पुष्कळ झाले, फ्रीजमध्ये ते आणखी मऊ होणारच आहे. फेटायचं क्रीम निदान 30 टक्के चरबीचं आणि थंडगार हवं, भांडंसुद्धा थंड. मऊ शेंडे उभे राहिले की थांबा. मुलाच्या हातात बीटर असेल तर शेवटचा टप्पा तुम्हीच घ्या, कारण तिथून लोणी व्हायला वेळ लागत नाही. रवाळ दिसू लागलं तर दोन-तीन चमचे थंड क्रीम घालून हाताने ढवळा, बहुतेक वेळा सावरतं.

जेली न बसण्याचं नेहमीचं कारण फळात असतं. ताजा अननस, किवी आणि पपई यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. कितीही तास ठेवा, ते बसणार नाही. फळ आधी शिजवा किंवा डब्यातलं घ्या. अगर-अगरवर या विकरांचा परिणाम होत नाही, पण ते नुसतं गरम पाण्यात विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं. आणि ते बाहेरच घट्ट होऊ लागतं, म्हणून साचे आधीच तयार ठेवा.

न भाजलेलं म्हणजे सगळं निर्धोक असं नाही

यात मला तडजोड मान्य नाही. कच्चं मैद्याचं किंवा गव्हाचं पीठ न भाजता खाऊ नये, त्यात आजार करणारे जंतू असू शकतात आणि भाजण्याच्या पायरीतच ते मरतात. चमच्याने खायच्या कुकीच्या कणकेसारख्या कृतीत पिठाऐवजी बिस्किटांचा चुरा घ्या. कच्चं अंडंही टाळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, बार भावंडांसाठी केला असला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम, काजू देऊ नका, घशात अडकतात. कूट किंवा पूड करून घाला. द्राक्षं उभी चिरा. मार्शमॅलोही लहानग्यांना अख्खे नकोत. दुसऱ्यांची मुलं येणार असतील तर शेंगदाणा, सुकामेवा किंवा दुधाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा.

बोटं चाटणं थांबवता येत नाही, पण चाटलेलं बोट वाडग्यात परत जाणं थांबवता येतं. प्रत्येकाला चव घेण्याचा वेगळा चमचा द्या.

मुलाचा धीर किती, ते बघून पदार्थ निवडा

कृती उत्तम आणि दुपार बिघडलेली, असं होतं ते बहुतेक या चुकीमुळे. चार तास फ्रीजमध्ये ठेवायचा पदार्थ आपण चार वर्षांच्या मुलासोबत करायला घेतो. त्याला 'उद्या' म्हणजे 'कधीच नाही' असं वाटतं. लहान मुलांसोबत पातळ पसरलेलं चॉकलेट करा, फ्रीजरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत ते तोडता येतं आणि तोडायला त्यांना फार आवडतं. थरांचं पुडिंग आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा, आणि तेही संध्याकाळी करा म्हणजे थांबण्याचा काळ झोपेत जातो.

सामान मोजून वाट्यांत काढून मगच मुलाला हाक मारा. तुम्ही डबे शोधत असताना ते कोको सांडतं आणि त्यात त्याचा दोष नसतो. दोन मुलं असतील तर दोन वाडगे ठेवा. एकाच वाडग्यासाठी 'माझी पाळी'चं भांडण ठरलेलं. दोन-तीन वर्षांची मुलं कुटतात आणि ओततात, चार-पाचची वळतात आणि खोबऱ्यात घोळवतात, सहा-सातची चमच्याने मोजू शकतात. गरम वाडगा मात्र मोठ्यांनीच धरायचा.

आणि वाकडा गोळा पुन्हा वळू नका. मूल बघत असतं. त्याने केलेला चपटा, भेगाळलेला गोळा तुम्ही हळूच गोल केलात की पुढचा गोळा ते तुमच्या हातात देतं आणि निघून जातं. सारखे गोळे हवेच असतील तर तुमचे वेगळ्या ताटात करा.

ठेवताना

दूध-क्रीम असलेले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आत ठेवा. चॉकलेटच्या वड्या फ्रीजमध्ये उघड्या ठेवल्या तर त्यांना इतर पदार्थांचे वास लागतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. आतल्या वड्या खोलीच्या तापमानाला आल्या नसतील तर हवेतला दमटपणा त्यांच्यावर बसतो, साखर विरघळून वर पांढरा खरखरीत थर येतो. कुणाला डबा भरून देणार असाल तर झाकणावर काय काय घातलंय ते आणि केल्याची तारीख मुलाच्या हाताने लिहून चिकटवा.