तंजावर पायी, एकट्याने, एका दिवसात

तंजावर पायी बघायचं असेल तर दिवसाचा क्रम दगड किती तापलाय यावर ठरवा. मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, आवारात अनवाणी फिरावं लागतं, आणि ऊन चढलं की फरसबंदीचा तवा होतो. पहिल्या खेपेला मी सकाळी राजवाडा बघितला आणि भर बाराला देवळात शिरले. त्या दिवसाच्या एकाही फोटोत माझे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. तेव्हा सकाळ देवळात, दुपार राजवाड्यात, संध्याकाळ पुन्हा देवळात.

आदल्या रात्री

स्टेशनजवळ लॉज घ्या, देऊळ तिथून चालत जाण्याजोगं आहे. लॉजचं कार्ड खिशात ठेवा, त्यावर तमिळमधला पत्ता असतो. नकाशा मोबाइलवर उतरवून घ्या आणि चार शब्द पाठ करा: कीळ म्हणजे पूर्व, मेल म्हणजे पश्चिम, वडक्कु उत्तर, तेर्कु दक्षिण. राजवाड्याभोवतीच्या चार मुख्य रस्त्यांची नावं या दिशांवरूनच आहेत. कीळ म्हणजे खाली आणि मेल म्हणजे वर. इथली जमीन पश्चिमेकडून समुद्राकडे उतरत जाते, हे एकदा कळलं की शब्द डोक्यातून जात नाहीत. शिवाय ‘नेरा’ म्हणजे सरळ, ‘वलदु’ उजवीकडे, ‘इडदु’ डावीकडे. रस्ता विचारताना हात हलवून विचारा, उत्तरही हातानंच मिळतं.

सकाळी सहा-साडेसहाला देऊळ

बृहदीश्वर राजराज चोळानं बांधलं, ते 1010 मध्ये पुरं झालं. दोन गोपुरांतून आत जाताना लक्षात ठेवा, इथं गोपुरं, म्हणजे दरवाज्यांवरचे मनोरे, ठेंगणी आणि गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, उंच. दक्षिणेत नंतरच्या देवळांत बहुधा उलटं दिसतं. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणीतरी सांगेलच. वाद घालू नका, सकाळच्या उन्हात पश्चिमेच्या बाजूला जा आणि त्याच सावलीत उभ्या राहा.

मराठी माणसानं खरा वेळ द्यायचा तो आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीला. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथं मराठीत कोरून घेतला. देवनागरी आहे, पण भाषा जुनी, त्यामुळे अडखळायला होतं. बोटानं हवेत ओळ धरून वाचा, भिंतीला हात लावू नका. बरोबर कुणी असतं तर पाच मिनिटांत ‘चल आता’ झालं असतं. मी तिथं तासभर होते. आसपास सगळी तमिळ बोलणारी गर्दी आणि समोर आपली अक्षरं.

गाभारा दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतो आणि चारनंतर उघडतो. दर्शन घ्यायचं असेल तर आधी घ्या.

मग राजवाडा

देवळापासून ईशान्येला साधारण दीड किलोमीटर. जाताना शिवगंगा तळ्याकडून गेलात तर 1779 चं श्वार्त्झ चर्च लागतं. श्वार्त्झ हा पाद्री, सरफोजींचा गुरू. चर्च उघडं असलं तर त्याच्या मृत्युशय्येजवळ उभे असलेले राजे संगमरवरात पाहा.

राजवाडा मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, वाढवला मराठ्यांनी. आत वेगवेगळ्या दालनांची वेगवेगळी तिकिटं असतात आणि काही दालनं जेवणाच्या वेळी बंद होतात, म्हणून खिडकीवरच विचारून क्रम लावा. वेळ कमी असेल तर कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती आधी. तिथला तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव 1011 चा आहे. केसांचा सापांनी बांधलेला फेटा, आणि एक हात नंदीवर टेकलेला. नंदी मात्र आता नाही, तो हात नुसताच हवेत विसावलाय. सरस्वती महालाचं ग्रंथालय मोडी कागदपत्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण पाहुण्याला त्याच्या संग्रहालयावर समाधान मानावं लागतं.

जेवण

गर्दी असलेल्या साध्या खानावळीत ‘साप्पाडु’ म्हणजे जेवण मागा. एकट्याला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील, बिनधास्त बसा. ‘पोदुम’ म्हणजे पुरे, हा शब्द वेळेत वापरला नाही तर भात वाढतच जातो. जेवून झालं की केळीचं पान आपल्याकडे दुमडायचं. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, असं इथं सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा नाही.

नंतर लॉजवर जाऊन दोन तास झोपा. उन्हात हिंडून काही मिळत नाही.

पाचनंतर

वाटेत पेला-वाटीतली कॉफी घ्या आणि पुन्हा देवळात. दगड आता कोमट झालेले असतात, पायांना बरं वाटतं. लोक मुलांना घेऊन हिरवळीवर बसतात, शिखर मधाच्या रंगाचं होतं. दिवे लागले की निघा. परतीला रिक्षाच करा, भाडं आधी ठरवून.