पर्सनल ट्रेनर लावायचा का?
जिमच्या फीवर ट्रेनरचे वेगळे पैसे भरण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं बघत राहा. समोरचा स्क्वॉट (बैठका) मारताना ट्रेनरची नजर त्याच्या गुडघ्यांवर असते की मोबाईलवर? बीपी, शुगर, जुनी कंबरदुखी काहीही न विचारता जो थेट प्रोटीनचा डबा पुढे करतो, त्याला लांबूनच नमस्कार. नुसतं सकाळी उठवायला कुणी हवं असेल, तर शेजारचा मित्र फुकटात येतो. अगदी नवखे असाल, किंवा दुखापतीनंतर डॉक्टरांना विचारून परत सुरुवात करत असाल, तर मात्र पैसे वसूल होतात. तरी वर्षाचं पॅकेज नकोच. ८ ते १२ सेशन घ्या, स्क्वॉट आणि डेडलिफ्टची (जमिनीवरून वजन उचलण्याची) पद्धत पक्की करून घ्या, वजनं आणि रेप्स (व्यायाम किती वेळा केला ते) वहीत लिहा. पुढे महिन्यातून एखादं सेशन, चुका तपासण्यापुरतं.